अठ्ठ्याण्णव

ईरप्पांचा मॉनिटर पुन्हा ओरडला. स्नेहल औषधांची ट्रॉली तशीच सोडून धावली.

काही झालं नव्हतं. बोटावरची क्लिप निसटली होती. गुऱ्हाळावर जन्मभर राबलेलं ते बोट जाड होतं, गार होतं. क्लिप त्यावर टिकत नव्हती. तिने ती पुन्हा बसवली. पडद्यावर आकडा उमटला, त्र्याण्णव. डॉक्टर बजावून गेले होते : ऑक्सिजन नव्वदच्या खाली उतरला, तर लगेच आयसीयूत हलवायचं. उशीर झाला तर माणूस हाती लागणार नाही.

ईरप्पांची बायको शिवगंगा स्टुलावर बसून तिच्याकडे बघत होती. कुरुंदवाडहून आल्यापासून ती तिथून हलली नव्हती.

"कवापास्नं उभी हाईस गं?"

"कालपासून, अव्वा. बदलीची सिस्टर आलीच नाही."

"न्हाय म्हंजे? तिला काय पालखी धाडायची व्हय?"

स्नेहल हसायला गेली आणि तिचे डोळे भरले. अख्ख्या वॉर्डात ती एकटी होती. मॉनिटरचा हा आवाज आता घरीही तिच्या मागे यायचा. कुकरच्या शिट्टीत असायचा, गल्लीत मागे येणाऱ्या टेम्पोत असायचा. झोपेत तिचा अंगठा उशीवर आवाज बंद करायचं बटण शोधायचा.

"हे आता पुन्हा ओरडलं ना, तर मीच पडेन बघा," ती म्हणाली.

ते ओरडलं नाही. तिने इंजेक्शनं दिली, एकाचं ड्रेसिंग बदललं. येता-जाता दारातून पडद्याकडे बघितलं. अठ्ठ्याण्णव. औषध लागू पडलं होतं. ती टेबलाशी येऊन खुर्चीत टेकली. लांबून शिवगंगाने हातानेच 'बस, बस' अशी खूण केली. दुपारच्या उन्हात वॉर्ड पेंगत होता. तेवढी एक टिकटिक संथ चालू होती. स्नेहलने डोळे मिटले.

उठली ती सलाइन संपत आलं म्हणून. बाटली बदलताना तिचा हात ईरप्पांच्या मनगटाला लागला आणि तिथेच थांबला. तिने नाडी शोधली. मग मानेवर बोटं दाबली. पापणी उचलून बघितली. छाती हलत नव्हती.

वर पडद्यावर हिरवी रेघ उसळत होती. टिक. टिक. अठ्ठ्याण्णव.

ठोके कुणाचे होते?

स्नेहलने क्लिपची वायर धरली. ती चादरीखालून ईरप्पांच्या हाताकडे जात नव्हती. पलंगाच्या कडेवरून खाली उतरून ती स्टुलाकडे, शिवगंगाच्या पदराखाली गेली होती.

"हळू गं," शिवगंगा कुजबुजली. "मालकांचा आत्ताशी डोळा लागलाय. सारखी निसटाय लागली, म्हणून मीच घेतली माझ्या बोटाला लावून. म्हटलं, पोरीला घटकाभर बसू दे."