चारशे नऊ एमबीची घट

"जुन्यात चौदा पॉइंट सहा जीबी होतं, याच्यात चौदा पॉइंट दोन. एवढी घट काहून?" नत्थुजी सोनारांनी नव्या मोबाईलवर बोट ठेवून विचारलं.

अकोटच्या मोबाईलच्या दुकानात विक्रेती दामिनी दोन्ही मोबाईल समोर मांडून बसली होती. जुना एक्स्चेंजमध्ये जायचा, म्हणजे पुसून कोरा व्हायचा. त्याआधी आतलं सगळं नव्यात आलं पाहिजे, एवढीच नत्थुजींची अट. सगळं म्हणजे पार्बताबाईंचे फोन. हयात असताना त्या रोज दुपारी नवऱ्याला पेढीवर एक फोन करायच्या, आणि मोबाईल तो आपणहून रेकॉर्ड करून ठेवायचा.

"इतकं इकडंतिकडं होतेच, काका."

पण इकडंतिकडं म्हणजे नेमकं किती, हे कळल्याशिवाय सोनाराला चैन कुठलं? "एका जीबीत एमबी किती?"

"एक हजार चोवीस."

"वरचे चोवीस कायचे?"

"मले नाई मालूम. पयलेपासून तसंच हाये."

नत्थुजींना या धंद्याचं भारी कौतुक वाटलं. त्यांचा तोळा साडेअकरा ग्रॅमवरून घासत घासत दहावर आला, आणि इथे हजारावर चोवीस फुकट! त्यांनी बिलाच्या पाठीवर गुणाकार मांडला. पॉइंट चार म्हणजे चारशे नऊ एमबी.

"अन् दोन मिनिटाचा फोन कितीचा?"

"असंल एक एमबीचा."

म्हणजे चारशे नऊ फोन, रोजचा एक. पार्बताबाई वर्ष भरून वर दीड महिना कमी भरल्या.

"सारे फोन आले ना, पोरी?"

"आले, काका. गेला तो कचरा होता. कामाचं काईच गेलं नाई."

नत्थुजींनी जुना मोबाईल उचलून रुमालात गुंडाळला. "एक्स्चेंज राहू दे. पुरे पैसे घे."

"दीड हजाराचं नुकसान हाये, काका. माह्यावर भरोसा नाई का?"

"तुह्यावर हाये," नत्थुजी रुमाल खिशात ठेवत म्हणाले. "पन आटवल्यावर गिऱ्हाइकाचं सोनं कमी भरलं, का म्या बी चाळीस वर्सं असंच सांगतलं. गेला तो कचरा होता म्हनून."