नीरजाच्या त्वचेचा तुकडा

चार वर्षांच्या नीरजाला कडेवर घेऊन मंजिरी बहिणीच्या प्रयोगशाळेत शिरली. मुलीच्या मानेवर आणि हातांवर लाल चट्टे उठले होते.

"ताई, तुझंच सनस्क्रीन लावलं होतं. तपासलंय म्हणाली होतीस ना?"

"तपासलं होतं गं," हेमांगी म्हणाली.

"मग तिचा तुकडा दाखव."

हल्ली प्रयोगशाळेत प्रत्येक मुलाच्या पेशींपासून त्वचेचा छोटा तुकडा वाढवून ठेवत आणि कुठलंही सनस्क्रीन आधी त्यावर लावून बघत. परक्यांवर विश्वास नको, म्हणून मंजिरीने नीरजाचा तुकडा सख्ख्या बहिणीकडे सोपवला होता.

हेमांगीने काचेची बशी पुढे केली. तुकड्यावर तसेच चट्टे होते, पण जुने, काळपट पडलेले.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"थोडेसेच आले होते, मंजू. घटक सगळे मान्यता मिळालेले आहेत. क्रीम बाजारात आणायचं ठरलं होतं. मला वाटलं, अंगावर काही होणार नाही."

"तुझ्या लेकीला, ऋजुताला कोणतं लावतेस?"

हेमांगीने बशी उचलून कपाटात ठेवली. नीरजाने नेहमीसारखे मावशीकडे हात पसरले. मंजिरीने तिला घट्ट धरलं आणि ती बाहेर पडली.

रस्त्यावर भर दुपारचं ऊन होतं. आजकाल त्यात उघडी कातडी काही मिनिटांत भाजायची, आणि लावायला दुसरं काही जवळ नव्हतं. लेकीला ओढणीत गुंडाळून मंजिरी जिन्यातच बसली. आतून ताई हाका मारत राहिली. ऊन उतरेपर्यंत मंजिरीने ओ दिली नाही.