मुरलेलं पाणी

१९४६ साली नगरच्या एका शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या यज्ञेश्वर मास्तरांनी सोनेरी मासे पाळायचे म्हणून घरी काचेची टाकी आणली, आडाच्या पाण्यानं काठोकाठ भरली आणि बायकोला बजावलं, "मासे यायच्या आधी हे पाणी पंधरा दिवस मुरायला हवं. पुस्तकात तसं स्पष्ट लिहिलंय. ताज्या पाण्यात मासे दगावतात. टाकीला कुणाचा हात लागता कामा नये."

दमयंतीबाईंनी मान डोलावली.

मास्तर रोज संध्याकाळी टाकीसमोर बसून वहीत लिहीत, 'पाणी नितळ. मुरत आहे.' पंधरा दिवसांनी मुंबईहून डब्यातून चार मासे आले. महिना झाला तरी चारही ठणठणीत होते. मग मास्तरांनी 'मुरलेल्या पाण्याचे महत्त्व' असा आठ पानी लेख लिहिला. तो शिक्षकांच्या मासिकाकडे हेडमास्तरांच्या शिफारशीनं जायचा होता, म्हणून हेडमास्तर मार्तंडराव स्वतः मासे बघायला घरी आले. बघून खूश झाले. सहीसाठी पेन उघडता उघडता त्यांनी सहज विचारलं, "वहिनी, पंधरा दिवस साठलेल्या पाण्याला वास नाही आला?"



"वास कसा येईल?" चहा पुढे ठेवत दमयंतीबाई म्हणाल्या. "यांनी बजावलंच होतं, कुणाचा हात लागता कामा नये. म्हणून रोज पहाटे न्हाऊन, सोवळ्यातच मी शिळं पाणी ओतून द्यायचे आणि ताजं भरायचे."