अठरावा कप

"यावर तुमचा कुणाचाही विश्वास बसायचा नाही," टोपी न काढताच बायकोच्या पलंगाशेजारी बसत हाब्बो म्हणाला, "पण पैसे परत मिळाले. सगळेच्या सगळे."

तेडा उशीला टेकून बसली होती. खुब्याचं हाड जुळेपर्यंत तिला या वृद्धाश्रमात ठेवलं होतं. पलीकडच्या पलंगावरच्या गेशेबाईंनी विणकाम लगेच मांडीवर ठेवलं. तीन आठवडे त्यांना हाब्बोच्या थापांइतकी करमणूक दुसरी नव्हती.

"जिन्याच्या खुर्चीचे?" त्यांनी विचारलं.

"नाहीतर कुठले?"

हाब्बोच्या घरात झोपायची खोली वर, न्हाणीघरही वर, आणि जिना शिडीसारखा उभा. माणसाला बसल्या जागी रुळावरून वर नेणारी एक वापरलेली खुर्ची त्याला इंटरनेटवर सापडली होती. विकणाऱ्याने चक्क प्लाटमध्ये, इथल्या गावबोलीत, 'मोइन' असा इथला रामराम घालून लिहिलं होतं: 'मोइन हाब्बो, आईची खुर्ची आहे. आई गेली. कुणाच्या तरी कामी येऊ दे.' प्लाट लिहिणारा फसवत नाही, हे या किनाऱ्यावर कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. बिचाऱ्याला वर कमिशनचा भुर्दंड कशाला, म्हणून हाब्बोने पैसे पाठवताना 'विक्रेत्याला' सोडून 'मित्राला' या चौकोनात खूण केली. खुर्ची आली नाही. मित्राला दिलेले पैसे परत मागता येत नाहीत, असं बँकेतल्या मुलीने त्याला दोनदा समजावलं. आज सकाळी सरकारी वकिलाचं पत्र आलं: आरोपी सापडत नाही, प्रकरण बंद.

ते पत्र आता त्याच्या जाकिटाच्या आतल्या खिशात होतं. सोमवारी तेडाची इथली मुदत संपत होती. जिन्याला खुर्ची बसली तर ती घरी येणार होती. नाहीतर इथेच, कायमची.

"त्याचा फोन आला," हाब्बो म्हणाला. "वाहतुकीचे आणखी पैसे हवे म्हणे. तो बोलतोय आणि मागे मेंढा खोकतोय. असा खोकणारा मेंढा अख्ख्या किनाऱ्यावर एकच. आपल्या रेम्ट मेंढपाळाचा."

"मेंढे खोकतात?"

"रेम्टचा खोकतो. पाइप ओढतो तो."

गेशेबाई फिस्कन हसल्या. तेडा खिडकीकडे बघत होती.

"सायकल काढली आणि समुद्राच्या बांधावर चढवली. मागून वारा असा, की पॅडल मारायची सोयच नाही. रेनकोट उघडला आणि निघालो. वाटेत दोन मोटारी मागे टाकल्या."

"मग थांबलात कसे?"

"बटणं लावली."

"चालू द्या, चालू द्या."

"रेम्टच्या कोठारात बसला होता गडी. पुढ्यात तीन फोन. मी हात नाही उचलला. दाराला खुर्ची लावून बसलो, त्याच्याच किटलीत चहा केला. तळाशी खडीसाखर, वर साय, सगळं रीतसर. एक कप झाला, दोन झाले, तीन झाले. तीन झाले की आपला माणूस काय करतो, गेशेबाई?"

"कपात चमचा उभा करतो. पुरे म्हणून."

"याने बशीत ठेवला!" हाब्बोने मांडीवर थाप मारली. "तिथेच ओळखलं. याचं प्लाट यंत्राने लिहून दिलेलं. आणि चमचा कपात पडत नाही तोवर ओतत राहायचं, हा तर आपला कायदाच. मी ओततोय, तो पितोय. बाराव्या कपाला त्याने गुडघे जुळवले. पंधराव्याला आईच्या नावाने रडला."

"मेलेल्या?"

"तिला त्या दिवसापुरतं जिवंत केलं होतं. अठराव्या कपाला म्हणतो, काका, संडास कुठेय? म्हटलं, माझ्या पाठीमागे. आधी पैसे."

"आणि दिले?"

"उभ्याउभ्या! तेही मित्राला म्हणून!"

गेशेबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. लोकरीचा गुंडा मांडीवरून घरंगळत दारापर्यंत गेला. हाब्बो उठला, वाकून त्याने तो उचलला, धागा गुंडाळत परत आला. गुंडाळायला त्याने जरा जास्तच वेळ लावला.

"तर सोमवारी," तो बायकोला म्हणाला, "आपण घरी. खुर्ची नवीकोरी घेऊ. लाल."

तेडाने आता त्याच्याकडे बघितलं.

"हाब्बो."

"काय गं?"

"बेचाळीस वर्षं तुझ्या थापा ऐकतेय मी. प्रत्येक थापेत शेवटी तूच तोंडावर आपटतोस. खंदकात पडतोस. बैल तुझी विजार घेऊन जातो. एकदा तर पाद्रीबुवांनी तुलाच पुरायला घेतलं होतं."

"ते खरं होतं."

"आज पहिल्यांदा तू जिंकलास." तिने त्याच्या डोक्यावरची टोपी काढली आणि पांघरुणावर ठेवली. "खोटं आहे हे. एक पैसा मिळालेला नाही."

गेशेबाई सुईवरचे टाके मोजू लागल्या.

हाब्बोने आतल्या खिशातलं पत्र काढून टोपीशेजारी ठेवलं.

"माझे थंडीचे कपडे घेऊन ये उद्या," तेडा म्हणाली. "वरच्या कपाटात आहेत. जिना सावकाश चढ."