मोठ्या बाई नाचल्या

इंग्रजीच्या बाई वाक्याची आकृती शिकवत होत्या. आडव्या रेघेवर कर्ता आणि क्रियापद बसवायचं, बाकीचे शब्द खाली तिरक्या फांद्यांना लटकवायचे.

"सांगा बरं दोन शब्दांचं एखादं इंग्रजी वाक्य."

मागच्या बाकावरून दोनच इंग्रजी शब्दांत आरोळी आली, अर्थ एवढाच, "मोठ्या बाई नाचल्या!"

वर्ग खदखदून हसला. बाईंनाही हसू आवरेना आणि तिथेच घात झाला. कुठे नाचल्या? गच्चीवर! कुणाबरोबर? शिपाईकाकांबरोबर! कशा? बूट हातात घेऊन, बेभान! ज्याला त्याला स्वतःची फांदी हवी. फळा संपला, भिंत संपली, रेघ दाराबाहेर पडली आणि अख्खा वर्ग खडू घेऊन तिच्यामागे व्हरांड्यात. रेघ थांबली ती थेट मुख्याध्यापिकांच्या दाराशी, कारण दार उघडून मोठ्या बाईच बाहेर आल्या.

ज्यांना कुणी कधी हसताना पाहिलं नव्हतं, त्या मोठ्या बाई फांदी न् फांदी वाचत रेघेच्या उलट दिशेने वर्गातल्या फळ्यापर्यंत आल्या.

"खडू द्या."

इंग्रजीच्या बाईंनी खडू पुढे केला.

"मुलांना चुकीचं शिकवू नका," असं म्हणत मोठ्या बाईंनी 'गच्चीवर' खोडलं आणि शेजारी वळणदार अक्षरात लिहिलं, 'टेबलावर'.