खरवडीचा मान

ताट पुढ्यात आलं आणि आक्कांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भांड्याच्या तळाची भाताची खरवड!

"बघितलंस का गं अंबू?" त्या शेजारी बसलेल्या सुनेवर खेकसल्या. "खोलीची मालकीण मी, आणि ही इराणीण मला खरवड वाढती!"

लग्न होऊन आल्यापासून घरी खरवड अंबूबाईच्याच ताटात पडायची. आधी पुरुषमाणसं, मग आक्का, आणि सगळ्यांचं उरकल्यावर पातेलं खरवडून सून. रीतच होती ती.

इराणीण म्हणजे शहाजादी. तिचा नवरा महाराजांच्या पागेसाठी घोडे घेऊन इराणातून आला आणि कोल्हापुरातच तापानं गेला. मागं राहिली ही बाई आणि तिची तांब्याची डेग. शिवाजी पेठेतल्या आक्कांच्या खोलीत ती आता खाणावळ घालणार होती म्हणे. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा! मटणात आलूबुखारा घालणारी बाई कोल्हापूरकरांना जेवू घालणार? ना तिखट, ना मसाला. आजाऱ्याचं पथ्य मेलं! आक्का आज जेवायला आल्या होत्या त्या नावं ठेवायला आणि तेवढ्यावरून तिला हाकलायला.

"उद्याच्या उद्या खोली रिकामी कर," म्हणत त्या उठू लागल्या.

शहाजादीचा चेहरा पांढराफटक पडला. "आक्कासाब, आमच्या मुलखात ही मानाच्या पाहुण्याला देतात. घरचे भांडतात हिच्यासाठी. तुम्ही मालकीण, म्हणून सगळी तुम्हालाच वाढली."

आक्का थबकल्या. खाली बसल्या. केशर-तुपात भाजलेला एक तुकडा त्यांनी तोंडात टाकला. कुर्रकन वाजला. दुसरा टाकला. मग त्यांची नजर सावकाश सुनेकडं वळली.

"म्हंजे इतकी वर्सं माझा मान ही भवानी गिळत होती व्हय!"

खोली शहाजादीकडंच राहिली. मानाची कदर असलेली बाई म्हणून आक्का तिचं नाव पेठभर सांगत सुटल्या.

दुसऱ्या दिवशी घरी त्यांनी भाताचं पातेलं सुनेच्या हातातून हिसकावलं. ना केशर, ना तूप. काळीठिक्कर करपलेली खरवड त्यांनी स्वतःच्या ताटात ओढली आणि उरल्यासुरल्या चार दातांनी चावायला घेतली.

समोर अंबूबाईच्या ताटात, या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, मऊ पांढराशुभ्र भात होता.

"सावकाश चावा, आत्याबाई," ती म्हणाली. "मान हाय तुमचा."