सूपभर कोंडा

"आपण हरलोय, वहिनी," वकील हळूच म्हणाले. "जेवणाच्या सुट्टीनंतर जजसाहेब भामाला एकच प्रश्न विचारतील. ती 'हो, माझा' म्हणाली की मुलगा आजच तिच्याबरोबर जाईल."

नीताच्या तोंडचं पाणी पळालं. पनवेल कोर्टाच्या व्हरांड्यात माणसं डबे उघडून बसली होती. समोर चिंचेखाली तिचा नवरा कृष्णकांत अपूर्वला इडली भरवत होता. ऑफिसात खणखणीत बोलणारा हा माणूस, पण पहिल्या तारखेपासून त्याचा आवाज बसला होता. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. नीताने ती लावून घेतली होती.

खरं काय ते दोघांनाही ठाऊक होतं. भामा चिरनेरकडची. नीता राहायची त्या खांदा कॉलनीत दारोदार भाजी विकायची. तिची तीन मुलं एकापाठोपाठ गेली. एक बारशाआधीच, एक रांगता रांगता, आणि थोरला तर चांगला चुरुचुरु बोलायला लागल्यावर. चौथा झाला तेव्हा तिने जुनी रीत धरली. मुलं जगत नसली की नवं मूल दुसऱ्या बाईला कोंड्याच्या बदल्यात विकून टाकायचं. मग ते आपलं राहत नाही, आणि जे आपलं नाही त्याच्यासाठी मरण आपल्या दारात येत नाही. एरवी बाया घटकाभराने मूल परत घेतात. भामाचा तेवढ्यावर भरवसा बसेना.

"पाच वर्सं तुमचाच म्हना, ताई," ती म्हणाली होती. "पाच सरली का मी नेन."

नीताने गिरणीतून सूपभर कोंडा आणला, हसत हसत तिच्या पदरात ओतला आणि कोवळं बाळ उचलून घेतलं. असल्या रीतीभातींवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पण तिला मूलबाळ नव्हतं.

भामाने त्याचं नाव कोंड्या ठेवलं, नीताने अपूर्व. भाजीच्या निमित्ताने भामा यायची, उंबऱ्याबाहेर बसून त्याला डोळे भरून बघायची आणि पाटी उचलून जायची. मांडीवर मात्र कधी घेतलं नाही. पाच वर्षं सरली तशी ती नवे कपडे घेऊन आली. तेव्हा नीता म्हणाली, "परत कसला? तू दिलास तो कायमचा." लिहून कोणीच काही घेतलं नव्हतं. भामाचा नवरा रामू चिडला, आणि प्रकरण कोर्टात गेलं.

नीता उठली. भामा नळाशेजारच्या पायरीवर बसली होती. आज ती खुशीत होती, आणि ती खुशी नीताला बघवेना. ती भामाच्या शेजारी जाऊन टेकली. भांडायला नाही. आवाज अगदी मऊ ठेवून म्हणाली,

"भामा, आता आत जाऊन सगळ्यांसमोर त्याला माझा म्हणशील. त्या तिघांनाही माझाच म्हणत होतीस ना?"

भामाने तोंडाला लावलेला तांब्या खाली आला. तिने नीताकडे पाहिलं. डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. नीताला स्वतःची किळस आली, पण बोललेलं तिने मागे घेतलं नाही.

पुकारा झाला. न्यायाधीशांनी चष्मा पुसून लावला आणि अपूर्वकडे बोट केलं.

"भामाबाई, हा मुलगा तुमचा?"

भामा त्या बाजूला बघेचना. रामूने तिला कोपराने ढोसलं. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"नाय सायेब. यो पोर माजा नाय. या ताईंचा हाय."

"येडी झाली का गं तू?" रामू भर कोर्टात ओरडला. न्यायाधीशांनी त्याला गप्प केलं, भामाला नीट समजावून सांगितलं आणि परत विचारलं. तिने तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिचा आवाज जेमतेम ऐकू आला, पण उत्तर बदललं नाही.

बाहेर आल्यावर अपूर्वला ती फाटकाशी दिसली. "भामामावशी," म्हणत तो नेहमीसारखा धावला. भामाने मान फिरवली आणि झपाझप चालू लागली. तो मध्येच थांबला.

"आई, ती रागावली का गं?"

"नाही रे," नीता म्हणाली.

वकील पेढ्यांच्या गोष्टी करत निघून गेले. नळापाशी काय बोलणं झालं ते कृष्णकांतने विचारलं नाही. त्याने नीताकडे पाहिलंसुद्धा नाही. ऊन मी म्हणत होतं, म्हणून तिघं स्टँडजवळच्या रसवंतीत शिरली. अपूर्वने अर्धा ग्लास तसाच ठेवला आणि नीताच्या मांडीवर डोकं टेकलं. नीताने त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलं होतं. उन्हाने असेल, तिने मनाची समजूत घातली. थोड्या वेळाने पुन्हा हात लावून पाहिला. मग गळ्याशी. मग पुन्हा कपाळाला.

समोरच्या बाकावरची म्हातारी मघापासून कौतुकाने बघत होती.

"गुणाचं दिसतंय लेकरू," ती म्हणाली. "तुझंच का गं?"

नीताने अपूर्वला पोटाशी घट्ट धरलं.

"नाही हो, आजी," ती म्हणाली. "आमच्या शेजारणीचा आहे."